सात नंबर चारीच्या वीस मिनिटांबाबत

प्रति,
मा. कार्यकारी अभियंता,
माळेगंगा कालवा विभाग, कर्जत,
जि. अहिल्यानगर

अर्जदार: निकिता सूर्यभान अनारसे, संगणक चालक (कंत्राटी), याच कार्यालयात

विषय: पाटकरी बिभीषण गहिनीनाथ खेतमाळस यांनी हुकमाआधी गेट उघडले नसल्याबाबत.

संदर्भ: १) निलंबन आदेश, दि. १३ फेब्रुवारी २०२५
२) अर्जदाराचा पहिला अर्ज, दि. २४ फेब्रुवारी २०२५

महोदय,

१. आपल्या कार्यालयात तीन सर्व्हर एकमेकांना जोडलेले आहेत. कालव्यातून चारीला पाणी सोडण्याचा हुकूम दोन नंबरवरून सुटतो आणि त्याची वेळ तिथेच नोंदली जाते. गेट उघडल्याची वेळ मात्र एक नंबरवर पडते. म्हणून तिघांची घड्याळे सेकंदाबरहुकूम जुळलेली लागतात, नाहीतर आधी काय घडले आणि नंतर काय, याचा मेळच लागत नाही. एरवी ती इंटरनेटवरून आपोआप जुळतात.

२. फेब्रुवारीच्या सुरुवातीला रस्त्याच्या कामात जेसीबीने केबल तोडली आणि इंटरनेट नऊ दिवस बंद पडले. गेटची तार वेगळी असल्याने पाण्याचे आवर्तन थांबले नाही. त्यातच दि. ६ रोजी वीज गेली आणि दोन नंबरचा सर्व्हर परत सुरू झाला तो थेट २०१८ सालात. वेळ हाताने घालणे भाग होते. सर्व्हरच्या खोलीत मोबाईल नेण्यास मनाई असल्याने अर्जदाराने काचेतून बाहेरच्या भिंतीवरचे घड्याळ पाहिले आणि तीच वेळ घातली. ते घड्याळ शिपाई काकासाहेब यांनी वर्षानुवर्षे वीस मिनिटे पुढे ठेवलेले आहे, खर्ड्याची पावणेसहाची एस.टी. चुकू नये म्हणून. कार्यालयातला प्रत्येक जण ते पाहून मनातल्या मनात वीस वजा करतो. अर्जदारही चार वर्षे करत आली. त्या दिवशी नेमकी विसरली.

३. दि. १० रोजी सकाळी सहा वाजून एक मिनिटाने सात नंबर चारीचा हुकूम सुटला, तो सहा एकवीसला सुटल्याचे नोंदले गेले. गेटजवळच्या डब्यावर हुकमाचा हिरवा दिवा लागताच बिभीषण यांनी सहा वाजून चार मिनिटांनी गेट उघडले. ती नोंद बरोबर पडली. कागदावर मात्र हुकमाच्या सतरा मिनिटे आधी पाणी सुटले. चारीच्या तोंडाशी त्यांची बहीण केशरबाई हिची जमीन आहे, एवढे चौकशी समितीला पुरले.

४. समिती यंत्रे तपासायला आली होती. सदस्य महोदयांनी दोन नंबरची वेळ भिंतीवरच्या घड्याळाशी ताडून पाहिली. दोन्ही तंतोतंत जुळली आणि अहवालात ‘वेळ अचूक’ असे लिहिले गेले. अर्जदार तेव्हा दारातच उभी होती. तोंड उघडले असते तर तिथल्या तिथे सगळे मिटले असते. पण त्याच आठवड्यात कराराच्या मुदतवाढीची फाईल वर गेली होती, म्हणून ती गप्प बसली. त्याची लाज तिला आजही वाटते.

५. इंटरनेट आल्यावर एक आणि तीन नंबर जुळले. दोन नंबर जुळला नाही, कारण फरक फार मोठा दिसला की तो वेळ बदलायलाच नकार देतो. हाताने दुरुस्त करावा, तर ‘चौकशीचा पुरावा, हात लावू नये’ अशी चिठ्ठी त्यावर चिकटवलेली आहे. अर्जांची आवक मात्र अजूनही त्याच्यावरच नोंदली जाते आणि जावक तीन नंबरवर. त्यामुळे अर्जदाराचा पहिला अर्ज अकरा बत्तीसला दाखल झाला आणि अकरा एकोणीसला ‘तथ्य नाही’ म्हणून निकाली निघाला, म्हणजे येण्याच्या तेरा मिनिटे आधीच. दोन्ही शिक्के सोबत जोडले आहेत. याहून जास्त तथ्य अर्जदार कोठून आणणार, हे आपणच सांगावे.

६. इकडे गावात बिभीषण यांना कोणी रामराम घालत नाही. अठ्ठावीस वर्षे पाट राखलेल्या माणसाला पोरेसोरे पाणीचोर म्हणतात. केशरबाई यांनी हाताशी आलेल्या कांद्यात रोटाव्हेटर फिरवला. अर्जदार समजवायला गेली तेव्हा त्या म्हणाल्या, “चोरीच्या पान्यावरचं पीक घरात न्हाई आनायचं. भावाच्या नावानं एक पात बी नगं.” कांदा चोरीचा नव्हता, हे अर्जदाराने त्यांना तिथेच सांगितले. तोवर अर्धे रान काळे झाले होते. हा अर्ज करू नये असे खुद्द बिभीषण यांचे म्हणणे होते. ते म्हणाले, “पोरी, तू कशाला गुततीस? माझं झालं आता. तुझं समदं व्हायचं हाय.” अर्जदाराने त्यांचे ऐकलेले नाही.

७. तरी विनंती की, दोन नंबरची वेळ भिंतीवरच्या घड्याळाशी नव्हे, तर आपल्या स्वतःच्या मोबाईलशी ताडून पाहावी आणि निलंबन रद्द करावे. निलंबनाचा आदेश चावडीवर भोंगा लावून वाचण्यात आला होता आणि बिभीषण तेव्हा गर्दीत उभे होते. रद्द झाल्याचा आदेशही तिथेच, त्याच भोंग्यावरून वाचावा. त्यात चूक करणारीचे नाव, वडिलांचे नाव व आडनाव पूर्ण घ्यावे, म्हणजे पाटकऱ्याला कोणी पाठीशी घातले असे म्हणायला जागा राहणार नाही. त्या दिवशी अर्जदार चावडीवर हजर राहील.

अर्जदाराचा करार या महिनाअखेर संपतो. त्याबाबत या अर्जात काही मागणे नाही.

चूक कबूल असलेली,
(सही)
निकिता सूर्यभान अनारसे
कर्जत, दि. ३ मार्च २०२५

सोबत: १) पहिल्या अर्जाची आवक-जावक शिक्क्यांसह प्रत
२) दोन नंबरचा पडदा व अर्जदाराचा मोबाईल एकत्र दिसणारे छायाचित्र (मोबाईल आत नेल्याबद्दल होईल ती कारवाई मान्य)