मापाचा ब्लाऊज

मंगळवार, दिवेलागण. शेवगाव.

आज शाळेत नव्यानं लागलेल्या बाई दुकानात आल्या. कापड पुढं ठेवून म्हणाल्या, "ताई, मापाचा ब्लाऊज नाही आणला. अंगावरून माप घ्या, गळा तुमच्या मनानं काढा." गळ्यात टेप असून मी म्हणाले, "जुना एखादा आणा, त्यावरून शिवते." त्या कापड उचलून गेल्या.

मी असं का म्हणाले? शिवणक्लासात कागदावर कटिंग काढण्यात माझा कुणी हात धरत नव्हतं. पण अठरा वर्षं गिऱ्हाईक जुना ब्लाऊज आणतं आणि मी तसाच दुसरा बेतते. चुकायची भीती न्हाई. मग टेप दिवसभर गळ्यात कशासाठी?

घरी हात धुताना दंडावर घट्ट बाहीचा काच पडलेला दिसला. शिंपीण असून माझे ब्लाऊज मी अजून लग्नातला समोर ठेवूनच शिवते! लई लाज वाटली.

आरशासमोर उभं राहून टेपनं माझंच माप घेतलं. दंड दोन इंच वाढलाय. लिहून ठेवलं.

उद्या मधल्या सुट्टीत शाळेत जाऊन बाईंना विचारीन, कापड दुसरीकडं टाकलं नसेल तर मला माप द्याल का?