एका पिशवीत मावेल तेवढं

ती. आईस, तुझ्या पदवीधर लेकीचा वाकून नमस्कार.

मी मजेत आहे. खोलीला पडदा लावला, जेवण वेळेवर होतं. तुझा गुडघा कसा आहे?

मागच्या आठवड्यात वर्गात बेघर माणसांचा धडा घेतला. मुलांना म्हटलं, "समजा, आज घर गेलं. एका पिशवीत मावेल तेवढंच न्यायचं. यादी करा." कुणी कुत्रा लिहिला, कुणी टीव्ही. मागच्या बाकावरची मुलगी काहीच लिहीना.

"तुझी यादी कुठंय गं?"

तिने दप्तर बाकावर उपडं केलं. टॉवेल, चमचा, ब्रश, प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला जन्मदाखला.

"एवढंच मावतं, बाई."

कुणीतरी ओरडलं, "हिला पैकीच्या पैकी!" सगळे हसले. कळायच्या आत मीही हसले गं, आई. शिकलेल्याला सगळं कळतं, असं तू म्हणायचीस ना?

तेव्हापासून ती आलेली नाही. शाळेत नोंदवलेल्या पत्त्यावर जाऊन आले, तिथे दुसरेच लोक राहतात. आता प्रत्येक पायरीवर, बसथांब्यावर मला तेच दप्तर दिसतं. हजेरीत तिचं नाव रोज घेते आणि थांबते.

तू काळजी करू नकोस. शाळा सुटली की शोधायला जाते, अंधाराआधी परतते. आणि बाबांना सांग, खोली लहान असली तरी आम्हा दोघींना पुरेल. मी दुसरं अंथरूण घालून पाहिलंय.

तुझीच,
धाकटी