पाचवी रकात

मी, अब्दुल अहद नज्जार, वय एकोणऐंशी, धंदा अक्रोडाच्या लाकडावर नक्षी कोरणे, राहणार बोनमोहल्ला, श्रीनगर, अल्लाहला साक्षी ठेवून लिहितो की माझं डोकं शाबूत आहे. तक्रार गुडघ्यांची आहे. माझ्यावर कोणाचा दबाव नाही. सून रोज मृत्युपत्राची आठवण करून द्यायची, तो दबाव धरू नये.

घर शरियतीच्या वाट्यांप्रमाणे दोन मुलगे आणि मुलीला. त्यात मी बोलणारा कोण? माझ्या मर्जीने देता येतो तो एक तृतीयांश भाग तेवढा वाटतो.

चहाचा समोवार सुनेला. पटाशा भाचा मुनव्वरला, जरी मागच्या वेळी त्याने त्या बोथट करून परत केल्या होत्या. अक्रोडाच्या सहा फळ्या मशिदीला, जोडे ठेवायच्या मांडणीसाठी. मात्र कमिटीने हमाम, म्हणजे लाकडाच्या भट्टीवर तापणारी मशिदीतली ऊन खोली, बंद करून पाणी तापवायचं यंत्र बसवलं, तर फळ्या परत आणाव्यात. एकतीस हिवाळे त्या हमामाची भट्टी मी पेटवली आहे.

काय दिवस होते! पहाटे फजरची नमाज व्हायची, सगळे मिळून मोठ्याने अवराद, अल्लाहच्या स्मरणाचे पाठ, म्हणायचे, मग हमामाच्या ऊन फरशीवर पाय पसरून बसायचं. खालिक रफूगर माझा लहानपणापासूनचा सोबती. नमाजीच्या ओळीत तो नेहमी माझ्या उजवीकडे, खांद्याला खांदा लावून. शेवटी सलाम फेरताना आधी उजवीकडे मान वळवली की पहिला त्याचाच चेहरा दिसे. त्याची मला फार आठवण येते.

सतरा वर्षांपूर्वी, दुपार ढळल्यावरच्या असरच्या नमाजीत, जिच्यात चार रकाती म्हणजे चार आवर्तनं असतात, इमामसाहेब चौथ्या रकातीनंतर बसू लागले. मला वाटलं तिसरीच झाली. चूक दाखवायला मी मोठ्याने ‘सुभानल्लाह’ म्हणालो. बिचारे माझ्यावर भरवसा ठेवून पाचवीला उभे राहिले. सगळी नमाज पुन्हा पढावी लागली.

खालिक सर्वांसमोर म्हणाला, “अहदा, मन नमाजीत होतं की भट्टीतल्या लाकडांत? चाराच्या पाच केल्यास की!”

लोक हसले. मी भडकलो. “तूच झोपला होतास! चारच झाल्या!”

दुसऱ्या दिवसापासून मी ओळीच्या उजव्या टोकाला, भिंतीशी उभा राहतो. सतरा वर्षं माझा पहिला सलाम भिंतीकडे जातो.

आता लिहून देतो: पाचच झाल्या होत्या. पाचवीत उभा असतानाच मला ते कळलं होतं. खालिक खरा, मी खोटा. तोंडाने सांगायची छाती झाली नाही.

माझ्या जनाज्याची नमाज खालिकने पढवावी. हक्क मुलांचा आहे, तो त्यांनी त्याला द्यावा. हा कागद सून त्याच्या घरी नेईल. त्याने साक्षीदार म्हणून सही नाकारली, तर जागा कोरी ठेवावी. जबरदस्ती करू नये.

ठिकाण: बोनमोहल्ला, श्रीनगर
तारीख: १२ जानेवारी २०२५

सही: अब्दुल अहद नज्जार

साक्षीदार १: गुलाम नबी कांदरू, रोट्या भाजणारा नानबाई

साक्षीदार २: अब्दुल खालिक रफूगर. दोनदा वाचलं. सही करतो, पण जनाज्यापर्यंत थांबणार नाही. उद्या फजरला माझ्या शेजारी उभा राहा, आणि हेच तोंडाने सांग. मला हल्ली कमी ऐकू येतं, अहदा. तेव्हा मोठ्याने सांग.