दाराबाहेरचं 'हूं'

आई, "मी हितंच हाय की, कुटं जातीया सोडून?" हे तुझं वाक्य मला अजून तुझ्याच आवाजात ऐकू येतं. तू जाऊन अठरा वर्षं झाली, चेहरा आठवायला फोटो बघावा लागतो, पण हे वाक्य तसंच आहे. चाळीच्या मागं एका ओळीत सहा संडास होते, टोपलीचे. मी पाच वर्षांची. आत बसलं की खालून उजेड यायचा, मागची पत्र्याची झडप एकदम उघडायची आणि टोपली ओढायला आलेल्या बाईचा हात दिसायचा. कधी डुकराचं तोंड. त्या भोकातून मला कुणीतरी खाली ओढून नेईल असं वाटायचं. म्हणून तू तेच वाक्य म्हणत बाहेर उभी राहायचीस. मी सारखी "आई?" म्हणायचे, तू "हूं" म्हणायचीस. तेवढ्यावर मी बसू शकत होते.

तू मिलमध्ये सूत गुंडाळायच्या वायंडिंग खात्यात होतीस आणि दुसऱ्या भोंग्याला गेट बंद व्हायचं, हे तेव्हा मला कळत नव्हतं. त्या सकाळी पहिला भोंगा होऊन गेलाय. मी आत आहे. "आई?" "हूं." "आई?" "हूं." दार उघडून बाहेर येते तर शेजारच्या काकू पायरीवर सूप घेऊन तांदूळ निवडत बसलेल्या. "तुजी आय कवाच गेली की मिलला. मगापासनं मीच हूं हूं करतीया," म्हणून त्या हसल्या आणि नळावरच्या साऱ्या बाया हसल्या. संध्याकाळी तू आलीस तेव्हा मी तुझ्याजवळ आले नाही. "काय झालं फुगायला? बसलीस की न्हाय एकटी?" म्हणालीस, आणि जेवताना बाबांना तेच सांगून पुन्हा हसलीस. पुढं कितीतरी दिवस मी कळशी घेऊन नळावर गेले की कुणीतरी हळूच 'हूं' करायचं.

दुसऱ्या दिवसापासून मी एकटी जाऊ लागले, हे खरं. तू ते येईल-जाईल त्याला कौतुकानं सांगायचीस. मी आत घामानं भिजून डोळे मिटून बसायचे, फक्त हाक मारायची बंद केली होती. ती का बंद झाली, हे तुला विचारावंसं वाटलं नाही. अजूनही आतल्या खोलीतून कुणी नुसतं 'हूं' म्हटलं की मी उठून बघून येते. माझा नवरा म्हणतो, "पोलिसात जायचं सोडून कारकून कशाला झालीस?" त्याला मी काही सांगितलेलं नाही.

आता माझी मुलगी सहा वर्षांची आहे. मला ती फार उशिरा झाली, तू तिला पाहिलं नाहीस. यंदा पहिलीत घातली. शाळेचे संडास मैदानाच्या टोकाला, आत अंधार, कौलांत पारव्यांची फडफड. ती दिवसभर पाणीच प्यायची नाही, लघवी दाबून ठेवायची. दिवाळीआधी तापानं फणफणली. डॉक्टर म्हणाले, हे असंच चाललं तर मूत्रपिंडावर जाईल. तेव्हापासून मी मधल्या सुट्टीत कचेरीतून धावत शाळेत जायचे आणि दाराबाहेर उभी राहायचे. ती "आई?" म्हणायची आणि मला 'हूं' म्हणवत नसे. मी सगळं सांगायचे. मी आहे, निळं पातळ नेसलेय, भिंतीवर सरडा आहे, तुझी एक चप्पल उलटी पडलीय. शेवटी मुख्याध्यापिका म्हणाल्या, "अहो बाई, पोरगी लग्नाची झाली तरी येणार का?"

त्या दिवशी घरी येताना मी तिला तुझी गोष्ट सांगितली. तुझ्याविषयी तिच्या मनात काही भरवायचं नव्हतं, निदान मी तसं म्हणते. आणि ती हसली, आई. रस्त्यात पोट धरून हसली. "त्या काकू तुझ्या आईसारखं हूं करायच्या? करून दाखव की!" भर रस्त्यात मला करून दाखवावं लागलं.

दुसऱ्या दिवशी तिनं शाळेतल्या शिपाईबाईंना स्वतःच विचारलं, दाराबाहेर उभ्या राहाल का. मी तिला सांगितलं, मी आता निघते, फाटकापर्यंत माझा आवाज येईल, मग येणार नाही. तिनं मान डोलावली. आतून तिची हाक आली, "बाहेर कोण हाय?" शिपाईबाई म्हणाल्या, "कलेक्टर!" "कलेक्टरसाहेब, बादलीत पाणी न्हाय!" दोघी खिदळत होत्या. मी फाटकाबाहेर ऐकत उभी होते. पोरीचं दुखणं टळलं म्हणून मला बरं वाटायला हवं होतं. मला तुझा इतका राग आला की कचेरीत जाऊन तासभर एक कागद पुढं सरकला नाही. एवढंच तर करायचं होतं. निघते, एवढं म्हणायचं होतं.

हे पत्र कुठं टाकणार? तुला अक्षरओळख नव्हती. तू असतीस तरी हे मलाच तुला वाचून दाखवावं लागलं असतं, आणि मी ते न वाचताच घडी घालून कपाटात पातळांखाली ठेवलं असतं. तरी एक मागते. एकदा म्हण, "तुला सांगून जायला पायजे हुतं." तू म्हणणार नाहीस. पदर खोचत म्हणशील, "सांगितलं असतं तर सोडलं असतंस व्हय मला?" नसतं सोडलं. पदर धरून रडले असते, गेट बंद झालं असतं, तुझा खाडा पडला असता. तरी म्हण.