तीन नंबर प्रेस आणि माझा फळा

मी, वैजनाथ किशनराव भालके, वय ६८, निवृत्त टाइमकीपर, मूळचा परभणी जिल्ह्यातला, हल्ली राहणार वाघोली, पुणे, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. मन ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला जोडला आहे. फुप्फुसांबद्दल त्यांना असे काही चांगले लिहिता आले नाही. माझ्यावर कोणाचेही दडपण नाही. आणायला घरात कोणाला वेळ नाही.

१. राहता फ्लॅट आणि बँकेत जे असेल ते पत्नी मालन हिचे. तिच्या हयातीत फ्लॅट विकू नये. मुलगा दिग्विजय हिंजवडीला नोकरी करतो. रोज कंपनीच्या बसमध्ये चार तास घालवून घरी येतो आणि कसे चालले आहे विचारले की "ऑल गुड" म्हणतो. हे खोटे तो माझ्याकडून शिकला. त्याला माझी सायकल.

२. निवृत्तीला कंपनीने दिलेले घड्याळ महिन्याभरात बंद पडले. ते मॅनेजर दत्तप्रसाद साहेबांना परत करावे. त्यांना वेळेची फार काळजी असे.

३. फळा. हा मी बुधवार पेठेतून स्वतःच्या पैशांनी आणला होता, म्हणून तो माझा आहे. एकोणीस वर्षे कारखान्याच्या गेटवर मी त्यावर रोज सुविचार लिहिला. काम आनंदाने करा, ताण हसून घालवा, असले. अक्षराचे कौतुक व्हायचे. मला ते आवडायचे.

२०१४ च्या मार्चमध्ये एका सकाळी पत्रा दाबणाऱ्या प्रेसवरचा कामगार सोनबा गवारे माझ्याकडे आला. म्हणाला, "तीन नंबरची हात अडवायची जाळी मोडली हाय. सायबाला दोनदा सांगितलं. आज फळ्यावर तेवढं लिहा, म्हंजी समदे बघत्याल."

मी त्याला सांगितले की फळा चांगल्या विचारांसाठी असतो, सकाळी सकाळी रडगाणे नको. आणि त्याच्यादेखत लिहिले, 'तक्रार करणारा थकतो, काम करणारा फुलतो.' त्याने ते वाचले आणि तो आत गेला. सव्वाअकराला त्याचा उजवा हात मनगटापासून गेला. फळा पुसायला मी संध्याकाळी गेलो. तोवर सगळ्या शिफ्टने तो वाचला होता.

चौकशीत मला विचारले, जाळीबद्दल सोनबाने कोणाला सांगितले होते का. दत्तप्रसाद साहेब शेजारी बसले होते. माझ्या निवृत्तीला दोन वर्षे उरली होती. मी म्हणालो, माझ्या माहितीत नाही. कागदावर सोनबाचा निष्काळजीपणा ठरला आणि त्याला घरी बसवले. दुसऱ्या दिवशी मी पुन्हा सुविचार लिहिला. कोणता, ते आठवत नाही, आणि याची मला जास्त लाज वाटते.

दिग्विजय म्हणतो, "बाबा, पॉझिटिव्ह राहा. मशीन तुमचं नव्हतं." मशीन माझे नव्हते. खडू माझा होता.

दिग्विजयने या फळ्यावर पांढऱ्या ऑइल पेंटने, पुसता येणार नाही असे, लिहावे: 'तीन नंबर प्रेसची जाळी मोडली आहे. हात घालू नका.' फळा गेटवर लावावा. कंपनीने लावू दिला नाही तर समोरच्या चहाच्या टपरीवर लावावा. टपरीवाल्याशी बोललो आहे.

४. चौकाचौकात माझ्या हसऱ्या फोटोचे फ्लेक्स लावू नयेत.

५. बाकी कलमे माझ्या मरणानंतर लागू होतील. तिसरे कलम तेवढी वाट पाहणार नाही. काल सोनबाच्या घरी जाऊन मी ते वाचून दाखवले. त्याची बायको गोदाबाई ऐकता ऐकता उठून आत गेली, ती बाहेर आली नाही. कलमाची सही केलेली प्रत सोनबाकडे दिली आहे. ती त्याने हवी तिथे दाखवावी. ज्यांना मला जाब विचारायचा असेल त्यांनी लवकर यावे.

सोनबाला मी काही ठेवलेले नाही. त्याने नको म्हटले. साक्षीदार होशील का, असे विचारायला माझी जीभ रेटत नव्हती. तोच म्हणाला, "तुमी तवा माझ्यासाठी बोलला न्हाई. मी सही करतो. पर सावकाश हुईल."

ठिकाण: वाघोली, पुणे
दिनांक: ९ जानेवारी २०२६

लिहून ठेवणार: वैजनाथ किशनराव भालके

साक्षीदार:
१. चैताली संजय कुदळे, शेजारी
२. सोनबा धोंडिबा गवारे
(सही डाव्या हाताने केली आहे. ती पुरी होईपर्यंत आम्ही सगळे थांबलो होतो.)