ह्यांची भूमिका

१४ जून
तो नट गेला एकदाचा! आठ दिवस घरात ठिय्या. ह्यांच्यावरच्या मालिकेत हाच डॉक्टर होणार. हे कसे बसतात, चष्मा कसा पुसतात — सगळं वहीत टिपलं. "काकू, डॉक्टर चिडले की काय करतात?" काय करणार, गप्प बसतात! अकरा वर्षं गप्पच आहेत. ती नऊ वर्षांची पोर ह्यांच्या ऑपरेशनच्या टेबलावर गेली तेव्हापासून. निम्मे लोक ह्यांना देव म्हणतात, निम्मे खुनी. मी आपली मधल्यामध्ये.

२ नोव्हेंबर
पहिला भाग पाहिला. अंगावर काटाच आला. चाल तीच, खाकरणं तेच. लेकीचा फोन — "आई, हा बाबांपेक्षा जास्त बाबा आहे गं!" मी हसले. मग बाथरूममध्ये नळ सोडून रडले. पडद्यावरचा डॉक्टर बायकोशी बोलतो तरी!

९ नोव्हेंबर
आज ऑपरेशनचा भाग. पोरीच्या मणक्यातली गाठ, ह्यांची नवी पद्धत. सुरी हातात घेऊन नट थांबला. दोन श्वास, जास्त नाही. तेवढ्यात चेहऱ्यावर काहीतरी आलं आणि पुसलं गेलं. दुसऱ्याच्या कपाटात हात घालणाऱ्याच्या तोंडावर येतं, तसं.
हे ताडकन उठले. "हे त्याला कुणी सांगितलं?"
"काय सांगितलं?"
हे आत निघून गेले. ताट तसंच राहिलं.

१० नोव्हेंबर
जेवले नाहीत.

१६ नोव्हेंबर
शेवटचा भाग थिएटरात दाखवला. आम्हालाही बोलावणं. पोरीच्या आईलाही! त्यात डॉक्टर तिच्यापुढे गुडघे टेकून रडतो. खोटं आहे. हे कधी गेलेच नाहीत तिच्याकडे. वकील म्हणाला होता, भेटू नका.
दिवे लागले. ती उठली, सरळ त्या नटापाशी गेली. त्याचा चेहरा दोन्ही हातांत धरला. म्हणाली, "जा बाबा. माफ केलं तुला."
टाळ्यांचा कडकडाट! तो बिचारा गांगरला. "आई, मी नाही हो... ते तिकडे बसलेत."
तिनं मान वळवली नाही. आम्ही दोनच रांगा मागे होतो. ह्यांच्या वाट्याचं होतं ते, आणि दुसराच घेऊन गेला.

१९ नोव्हेंबर
लेक फोनवर चाचरत म्हणाली, "आई, बाबांचं खरंच काही चुकलं नव्हतं ना?" मी उखडलेच. "ऑपरेशन केलं नसतं तर सहा महिन्यांत गेली असती ती!" अकरा वर्षं हेच सांगत आले — नणंदेला, शेजारणीला, चौकशी समितीला. तोंडपाठ झालंय. फोन ठेवल्यावर मात्र लक्षात आलं. हे पलीकडच्या खोलीत. सगळं ऐकू गेलं असणार.

२१ नोव्हेंबर
सकाळी चहा पुढे ठेवला तर म्हणाले, "गाठ साधी होती. औषधांनी जिरली असती. मला माझी पद्धत करून बघायची होती."
चपला घातल्या आणि त्या पोरीच्या आईकडे निघाले. मी अडवलं नाही. सोबतही गेले नाही.