भिंगरीच्या मशीनला गप्प बसता येतं

तीर्थस्वरूप ताईच्या पायांशी धाकट्या भावाचा दंडवत.

तुझा रक्तदाब खाली आणि आवाज वर असेल, म्हणजे घरी सगळं ठीक आहे असं मी धरून चालतो. गुडघ्याला शेक देतेस का? भाऊजींना झोप लागते का? अजून पडदा ओढूनच बसतात का? इकडे आम्ही दोघं, म्हणजे मी आणि तुझी लेक, मजेत आहोत. मी जरा कमी मजेत, कारण तू सोपवलेलं काम झालेलं नाही.

काम काय होतं ते तुला माहीत आहे, पण पत्रात सगळं सुरुवातीपासून लिहावं असं तूच म्हणतेस. भाऊजींची बस उलटली तेव्हापासून त्यांनी स्टिअरिंग सोडलं, बोलणं सोडलं आणि घर मात्र सोडत नाहीत. (कुणाचा जीव गेला नाही, हाडं पुष्कळांची मोडली, पण त्यांना कोण समजावणार?) अधूनमधून एकच वाक्य येतं, ‘मी ओरडायला हवं होतं.’ त्याच बसमध्ये मी त्यांच्या मागच्याच बाकावर होतो आणि मला साधं खरचटलंही नाही, हे तू आल्यागेल्याला इतक्यांदा सांगितलंयस की आता मलाही पाठ झालंय. तुझं म्हणणं, बाप असा बसलेला आणि पोरगी परगावी दिवसभर मशीनशी गप्पा मारतेय. जा, आणि भिंगरीला घेऊन ये. मी डोळे तपासायचं निमित्त करून निघालो.

तर पहिली गोष्ट, भिंगरी मशीनशी गप्पा मारत नाही. ती मशीनला गप्प बसायला शिकवते. (हसू नकोस. जिला शाळेत ‘गप्प बस’ म्हणून म्हणून मास्तरांचा घसा गेला, तिला आता या विषयासाठी मुद्दाम नेमलंय.) इथे मनावर मोठा आघात झालेली माणसं येतात. मोठ्या बाई, म्हणजे भिंगरीच्या वरच्या मानसोपचारतज्ज्ञ, त्यांच्याकडून ती आठवण सावकाश, क्रमाने, पुन्हा पुन्हा सांगून घेतात. सांगता सांगता तिची धार बोथट होते म्हणे. पण बाई एक आणि माणसं ढीगभर. म्हणून दोन भेटींच्या मधल्या सरावाला एआयची मदत होईल का, हे तुझी लेक शोधतेय. खऱ्या रुग्णासमोर मशीन न्यायची परवानगी अजून नव्हती. त्यामुळे नट बोलावतात, ते ठरवून दिलेली दुःखं सांगतात आणि मशीन ऐकतं.

राग मानू नकोस, पण सुरुवातीला ते मशीन अगदी तुझ्यावर गेलं होतं. समोरचा ‘आणि मग दार उघडलं...’ एवढं म्हणतो न म्हणतो तोच ‘मी समजू शकतो, सगळं ठीक होईल, पाणी प्या, दीर्घ श्वास घ्या’ असं सुरू. भेटायला आलेले नातेवाईक बरे, ते निदान चहा घेऊन जातात. भिंगरीने ही खोड मोडायचा विडाच उचललाय. तिची जागा म्हणजे प्रिंटर आणि भिंत यांच्यामधली फट. खुर्चीचं एक चाक गेलेलं, त्यामुळे ती कायम डावीकडे कललेली. कानाला हेडफोन लावून पोरगी दिवसभर लोकांच्या बोलण्यातल्या शांतता ऐकते. रडू आवरण्याची शांतता वेगळी, शब्द शोधण्याची वेगळी, आणि आता बास, आता माणूस हवा, अशी शांतता आणखी वेगळी. ती शेवटची ओळखली की मशीनने तिथेच थांबून बाईंना हाक मारायची. मला तर सगळ्या सारख्याच ऐकू आल्या. (आपल्या घरात शांतता कशी असते हे मला कुठून कळणार?) एका नटाच्या एका उसाशावरून तिने संगणकवाल्याशी अख्खी दुपार वाद घातला. तो चांगला उंचापुरा गडी, पण शेवटी त्यानेच हात टेकले आणि मशीनला तो उसासा पुन्हा शिकवला. मी कोपऱ्यात बसून बघत होतो आणि मनात म्हणत होतो, हिला घरी नेऊन मी करणार काय? भाजी निवडायला बसवणार?

आता माझा पराक्रम. मशीन खऱ्या रुग्णांपर्यंत न्यायचं की नाही हे ठरवायला एक समिती यायची होती आणि नेमका त्या दिवशी ठरलेल्या नटाचा घसा बसला. भिंगरीचा चेहरा पाहवेना. मी म्हणालो, मी आहे ना! ती आढेवेढे घेत होती, शेवटी म्हणाली, ‘मामा, लहानपणी कुत्रं चावलं, एवढंच सांगायचं. पदरचं काही घालू नकोस.’ (रंगमंचावरचा माझा मृत्यू शेवटी पडदा पाडून आवरावा लागला होता, हे तिला कुणी सांगितलेलं दिसत नाही.)

काचेपलीकडे समिती, अलीकडे मी, समोर मशीनचा पडदा. मी कुत्र्यापासून सुरुवात केली. पण एक कुत्रं पुरून पुरून किती पुरणार? म्हणून मी दुसरं आणलं. मशीनने शांतपणे विचारलं, ‘पहिलं कुत्रं आता कुठे आहे?’ मला काय माहीत? मी ते केव्हाच सोडून दिलं होतं. काचेपलीकडे कुणीतरी खोकलं. माझ्या दुसऱ्या कुत्र्यापायी पोरीचं काम बुडणार अशी लक्षणं दिसली आणि त्या घाईत हाताला लागली ती खरी आठवण मी धरली. म्हणालो, कुत्र्याचं राहू दे, मी बसमध्ये होतो.

ताई, इथून पुढे मला गंमत करता येत नाही. मी वळण सांगितलं, समोरून आलेला टेम्पो सांगितला, भाऊजींची ताठ झालेली मान सांगितली. ‘भाऊजी ओरडले, धरा,’ असं म्हणालो आणि माझी वाचाच बसली. ते ओरडले होते, ताई. म्हणून तर मी समोरची दांडी धरली. त्या खुर्चीत बसेपर्यंत मला हे आठवतच नव्हतं. मी गप्प, आणि मशीनही गप्प. श्वास घ्या नाही, पाणी प्या नाही. त्या अपघातानंतर माझं ऐकायला इतका वेळ कुणी गप्प बसलंच नव्हतं, आणि मीही कुणाला बसू दिलं नव्हतं. मग ते म्हणालं, ‘हे ठरलेल्या गोष्टीतलं नाही. इथे थांबू या. बाई शेजारीच आहेत, त्यांना बोलावलंय.’ आणि बाई आल्यासुद्धा.

समिती भिंगरीवर तुटून पडली. सरावाच्या खुर्चीत खरं दुःख घेऊन आलेला माणूस बसवलाच कसा? ती म्हणाली, ‘चूक माझी आहे. पण आधी मामा कसा आहे ते बघून येते.’ आणि एवढी मोठमोठी माणसं बसलेली टाकून ती माझ्याकडे आली, माझा हात धरून बसली आणि एक अक्षर बोलली नाही. तुझी मुलगी, ताई! मला इतका अभिमान वाटला की रडायचं राहूनच गेलं. परवानगी मिळाली. थोडेच रुग्ण, बाई कायम शेजारच्या खोलीत, आणि खाली खास अट: संशोधकांनी नातेवाईक वापरू नयेत.

ओरडण्याचं भाऊजींना तू सांगू नकोस. बाई म्हणाल्या, आठवण म्हणजे पंचनामा नव्हे, ती कुणाच्या डोक्यावर नेऊन आदळायची नसते. मी सांगेन, सावकाश. आणि भिंगरीला मी आणत नाही. हवं तर मला चार शिव्या घाल, पण पोरीला तिच्या कलल्या खुर्चीतच राहू दे.

तुझा (एवढी एक आज्ञा सोडून) आज्ञाधारक
धाकटा

ता. क. डोळे खरंच तपासले. नंबर वाढलाय.

आणखी एक ता. क. इथे यायला थेट बस होती. मी मात्र गाड्या बदलत, जगप्रदक्षिणा घालत रेल्वेने आलो. बसच्या पायरीवर ठेवलेला पाय मी परत काढून घेतला. कंडक्टर हसला, मीही हसलो, मला तेवढंच जमतं. बाईंनी मलाही यायला सांगितलंय, आणि मी जातोय. तेव्हा एक कर. भाऊजींना इकडे पाठव. तू येऊ नकोस. तू मध्ये बसलीस की आम्हा दोघांना तोंड उघडायला मिळायचं नाही. पडदा, औषधं, झोप, यातला कुठलाच विषय काढू नकोस. त्यांना एवढंच सांग की धाकट्याला एकट्याने परत यायची भीती वाटते, त्याला न्यायला या. हे निमित्त नाही, ताई. खरंच वाटते.